बस्ता बंद होत नाही

माझ्या नोकरीची शेवटची वीसेक वर्षं एका हट्टी यंत्राशी भांडण्यात गेली. मुंबईच्या एका कंपनीत संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. तिच्या गाभ्याला आम्ही कर्नल म्हणायचो, आणि माझी म्हातारी आई शेवटपर्यंत गावात सांगत राहिली की पोरगा कोण्या कर्नलच्या हाताखाली फौजेत आहे.

त्या कामातलं एक दुखणं मात्र माझ्याच वाट्याला यायचं. यंत्राला एखादी डिस्क जोडली की तिच्यातल्या फायली सगळ्यांना खुल्या होतात. काम संपलं की ती डिस्क सोडवायची. सोडवण्याआधी यंत्र बघतं, आतली एखादी फाईल कोणी अजून धरून बसलंय का. बसलं असेल तर म्हणतं, सोडत नाही, वापरात आहे. इथवर त्याचं बरोबरच. पण कधी कधी कोणी म्हणता कोणी धरलेलं नसतं, आणि तरी यंत्र आपलं म्हणतंय, वापरात आहे. कुठेतरी फाईल घेतल्याची नोंद झालेली असते आणि परत केल्याची राहून गेलेली असते. ती राहिलेली नोंद शोधता शोधता तीन-तीन आठवडे जायचे. हाताखालची पोरं कंटाळायची. "सर, जबरदस्तीनं सोडवायची सोय आहे की! एक आज्ञा दिली की झालं." सोय होती, पण मी ती एकदाही वापरली नाही. पोरं मला मागे खडूस म्हणायची आणि मी त्यांना म्हणू द्यायचो. खरं कारण अकोल्याच्या एका रेकॉर्ड रूममध्ये होतं, आणि ते सांगायला मला आजही चांगलं वाटत नाही.

साठ सालाच्या आगेमागे मी अकोल्याला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. खातं कोणतं ते लिहीत नाही. कचेरी आता राहिलेली नाही, आणि माणसंही बहुतेक गेली. तिथले रेकॉर्ड कीपर, त्यांना सारी कचेरी काकाजी म्हणायची. साहेबसुद्धा म्हणायचे. बार्शीटाकळीकडच्या शेतकरी घरातले. भाऊ शेती बघायचा आणि हे कागद बघायचे. उंच, जरा वाकलेले, अंगात बंद गळ्याचा कोट, तोही अकोल्याच्या मे महिन्यात. किल्ली खिशात नाही ठेवायची, करदोट्याला बांधायची. त्यामुळे कुलूप लावताना त्यांना दाराला अगदी पोट टेकवून उभं राहावं लागे. नवीन माणसाला हसू आवरत नसे. जुने हसून हसून दमलेले होते.

साडेपाच वाजले की ते दाराशी उभे राहत आणि मोठ्यानं विचारत, "कोनाजवय काई हाय का?" म्हणजे कोणाच्या टेबलावर रेकॉर्डचा कागद राहिला आहे का. कोणी बोललं नाही तर पुन्हा विचारत. मग तिसऱ्यांदा. तीनदा विचारून झाल्यावरही दहाएक मिनिटं थांबत, कारण त्यांच्या मते खरं उत्तर चौथ्या वेळेला येतं. तोवर शिपायाची सायकल निघालेली असे, आमच्या पिशव्या खांद्याला असत, आणि एखादा तरी पुटपुटत असे, "म्हातारा मेल्यावरही यमाले हेच इचारन."

रेकॉर्ड रूममध्ये लाल कापडात बांधलेल्या फायलींचे बस्ते असत, मांडणीवर ओळीनं. फाईल बाहेर गेली की तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची, कोणी नेली आणि कधी. परत आली की चिठ्ठी काढून फाडायची. एवढा नियम जगातल्या सगळ्याच कचेऱ्यांत असेल. काकाजींनी त्याच्यावर आपला एक चढवला होता. ज्या बस्त्यात एकही चिठ्ठी आहे त्याला ते पक्की गाठ मारत नसत. सुटी गाठ, एका ओढीत निघेल अशी. साहेब एकदा चिडून म्हणाले, "काकाजी, अर्धी खोली सुटी पडली आहे, काय पद्धत आहे ही?" तर हे म्हणाले, "साहेब, पंगतीत एकबी मानूस जेवून राहिला असन तं पत्रावया उचलाच्या असतात का?" पंगतीत शेवटचा माणूस हात धुवायला उठेपर्यंत कोणी उठायचं नाही, हे साहेबांच्याही घरी शिकवलेलं होतं.

लग्नाच्या पंगतीत तर काकाजींना बघण्यासारखं असे. स्वतःचं जेवण केव्हाच आटोपलेलं, पण डोळे कडेच्या म्हाताऱ्यावर. तो बिचारा बोळक्या तोंडानं पुरी चावतोय, आणि यजमान दुसरी पंगत बसवायची म्हणून येरझाऱ्या घालतोय. एखादा तरणा पोरगा उठायला बघे. काकाजी त्याचं धोतर धरून खाली बसवत. त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं, "यायच्या घरात नांदाचं म्हनजे, भाऊ, दार लावाले तीन घंटे लागते. पोट्टे मोजतीन, मी मोजीन, पाहुने मोजतीन. एका डावानं मांजर बाहेर होती तं दार उघडंच ठेवलं. चोर आला असता तं त्यालेबी मोजलं असतं यायनं."

फाईल अडकली की शोधायची त्यांची रीत न्यारी होती. फाईल कुठे आहे असं ते कोणालाच विचारत नसत. "कुठं हाय इचारलं का लोक खोटं बोलतात," म्हणत. "शेवटी कोनाले पायजे होती, थे इचारा." मग त्याच्या आधी कोणाला, त्याच्याही आधी कोणाला, असं एकेक पाऊल मागे जायचं. एकदा दोन कारकून एकमेकांवर अडून बसले. पहिला म्हणे, दुसऱ्यानं त्याच्याजवळची फाईल दिली की मी माझी देतो. दुसराही तेच म्हणे. दोन महिने दोन बस्ते सुटे. काकाजींनी दोघांना दुपारी रेकॉर्ड रूममध्ये जेवायला बोलावलं, दोघांचे डबे आपल्या मांडीवर घेतले, आणि म्हणाले, "आता दोघंबी एकाच टायमाले हात पुढं करा, फायली द्या अन् डबे घ्या." पुढे कर्नलमध्ये दोन कामं अशीच एकमेकांकडे तोंड करून थिजलेली बघितली की मला ते दोन डबे आठवायचे.

आणखी एक चिठ्ठी होती, ती मेलेल्या माणसाच्या नावाची. अमरावतीला बदलून गेलेला एक निरीक्षक जाऊन काही वर्षं झाली होती, पण त्याची चिठ्ठी बस्त्यात तशीच. काकाजी मला घेऊन निघाले. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती, तिथून पायी. त्या घरातल्या बाईंना काही सांगता येईना. काकाजी ओसरीवर बसून घरभर बघत राहिले आणि मग म्हणाले, "वैनी, थे खाट जराशी उचलता का?" खाटेचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली फाईल होती, घडी घालून, वर फरशीचा तुकडा. बाई म्हणाल्या, "यजमानायनंच ठेवली होती. हलवू नोको म्हनत." काकाजी म्हणाले, "त्यायचा जीव सुटला, वैनी, पन त्यायची चिठ्ठी आत अडकली हाय. थे सुटली पायजे." बाईंनी पदर तोंडाला लावला आणि स्वतः खाट उचलली. अकोल्याला आल्यावर काकाजींनी ती चिठ्ठी कचेरीत फाडली नाही. मोर्णा नदीच्या काठी गेले, तिचे तुकडे पाण्यात सोडले आणि नमस्कार केला. मी आपला बाजूला उभा. हसावं की नमस्कार करावा ते मला कळेना.

त्यांची आणखी एक ख्याती होती. बस्ता नुसता हातात घेतला की कितवा आणि कोणत्या सालचा ते सांगत. प्रत्येकाची गाठ वेगळी मारलेली, आणि बोटांना ती पाठ. बाहेरगावचे साहेब आले की आमचे साहेब हा खेळ करून दाखवायला लावत. काकाजी डोळे मिटून गाठ चाचपत आणि बिनचूक सांगत. सगळे टाळ्या वाजवत.

डोळे मिटायची गरज नव्हती, हे मला माहीत होतं. मला एकट्याला. आधी ते मला नुसतं म्हणत, "तुही नजर चांगली हाय, वाच बरं हे." मी वाचायचो. मग एक दिवस बघितलं, आवक-जावकेची वही उलटी धरून ते गंभीरपणे पानं चाळत होते. मी वही त्यांच्या हातातून घेतली आणि सुलटी करून दिली. त्यांनी माझा हात धरला. "मोतीबिंदू हाय. कोनाले सांगजो नोको. थोडेच दिवस राह्यले मले नोकरीचे. आता कळलं तं काढून टाकतीन." मी नाही सांगितलं. रोज थोडा वेळ आत जाऊन लेबलं वाचून द्यायचो, वहीतल्या नोंदी करून द्यायचो. मला ते मोठं पुण्याचं काम वाटत होतं. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, आणि त्या वयात माणसाला आपल्या चांगुलपणाची फार हौस असते.

आमच्याबरोबर एक कारकून होता, दर्यापूरकडचा. आम्ही त्याला दर्यापूरवालाच म्हणायचो. छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धम्म घेतलेला. घरातली पहिली सरकारी नोकरी त्याची. अक्षर मोत्यासारखं, शर्ट नेहमी पांढरा, आणि डोक्यात एकच गोष्ट, की आपल्या कामात कोणाला बोट ठेवायला जागा मिळू नये. काकाजींवर त्याचा भारी जीव. गाठी शिकायला तो एकटाच बसला. काकाजीही म्हणत, "माह्यानंतर हे खोली यालेच देजा."

मग हुकूम आला, की अकोल्याची आमची शाखा बंद करून अमरावतीच्या कचेरीत मिळवायची. सगळे बस्ते पक्के बांधा, यादी करा, खाली "सर्व कागद जमा" म्हणून रेकॉर्ड कीपरची सही, आणि ट्रकमध्ये भरा. काकाजी कामाला लागले. महिनाभरात सगळ्या चिठ्ठ्या निघाल्या. एक राहिली. एका कापसाच्या जिनिंगवाल्याच्या जागेच्या चौकशीची फाईल, आणि चिठ्ठीवर नाव दर्यापूरवाल्याचं. घेतल्याची नोंद होती, परत दिल्याची नव्हती.

तो म्हणाला, "काकाजी, मी वापस केली. तुमी त्या दिवशी नव्हते, तं बैठकीवर ठेवली."

हा काकाजींचाच नियम होता. ते जागेवर नसतील तर कागद त्यांच्या स्टुलावर ठेवायचा, म्हणजे बसण्याआधी तो दिसेल. दर्यापूरवाल्यानं तसंच केलं होतं. काकाजींनी स्टूल बघितलं, खोली बघितली, एकेक बस्ता सोडून पुन्हा बांधला. फाईल चुकून तिकडे गेली का म्हणून अमरावतीला तीन फेऱ्या झाल्या. साहेब म्हणत, "गहाळ लिहा आणि मोकळे व्हा." काकाजी ऐकेनात. "गहाळ म्हनजे कोनाच्या तरी मानेवर, साहेब. आत मानूस अडकला हाय, अन् तुमी दार लाव म्हनता." महिनाभर त्यांनी सही केली नाही. साहेबांना एवढं उलट बोललेलं त्या कचेरीनं कधी ऐकलं नव्हतं. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही त्यांना वाईट म्हणाल, आणि ते वाईट नव्हते.

तोवर गावात बोलणं सुरू झालं होतं, की फाईल त्या जिनिंगवाल्याला विकली. चौकशीला वरून एक अधिकारी आले. साहेबांच्या खोलीत चौकशी झाली आणि लिहून घ्यायला मला बसवलं होतं. अधिकाऱ्यांनी काकाजींना विचारलं, "हा म्हणतो बैठकीवर ठेवली. तुम्हाला मिळाली का?"

काकाजी म्हणाले, "बैठकीवर ठेवली असती, साहेब, तं मले दिसली असती."

दर्यापूरवाला त्यांच्याकडे बघत राहिला. माझा टाक कागदावर होता. मला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, यांना दिसत नाही. चार शब्द. बोललो असतो तर काकाजींची नोकरी गेली असती, आणि मीही खोट्या नोंदी केल्याबद्दल सापडलो असतो. मी ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. माझ्या कित्येक रात्री पुढे त्या वाक्यानं खाल्ल्या आहेत. आणखी एक सांगतो. त्या चिठ्ठीवर माझं नाव असतं तर लोकांनी आधी खोली पुन्हा शोधली असती. नाव त्याचं होतं, म्हणून शोधायची गरज कोणाला वाटली नाही. हे तेव्हाही मला कळत होतं.

त्याला काढून टाकलं. काकाजींनी चिठ्ठीसमोर "गहाळ" लिहिलं, म्हणजे मीच लिहिलं, त्यांनी सही केली. बस्त्याला पक्की गाठ मारली. त्या दिवशी साडेपाचला त्यांनी दाराशी काही विचारलं नाही. कुलूप लावलं आणि गेले.

ट्रक यायला पुढे चार-पाच महिने लागले. सरकारी ट्रक! सगळे बस्ते गेल्यावर खोलीत राहिलं ते त्यांचं स्टूल. ते लाकडी होतं आणि टोचायचं, म्हणून वर्षानुवर्षं त्यांनी रद्द कागदांचा एक बस्ता गादीसारखा वर घातलेला. दर शनिवारी तो झटकून पुन्हा बांधत. शिपाई तो जाळायला निघाला. काकाजी म्हणाले, "रद्दी असली तरी तिची यादी झाल्याबिगर जायची नाई." मला बसवलं. मी एकेक कागद काढून वाचायचा, त्यांनी मान हलवायची.

पाचवा की सहावा कागद असेल. पातळशी फाईल होती. मी क्रमांक वाचला. त्याच जिनिंगवाल्याच्या फाईलीचा.

"पुन्हा वाच," काकाजी म्हणाले.

मी वाचला.

"अजून एक डाव."

तिसऱ्यांदा वाचल्यावर ते भिंतीला हात लावून उभे राहिले. दर्यापूरवाल्यानं फाईल बैठकीवरच ठेवली होती. काकाजी त्या दिवशी कोणाला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरकडे अमरावतीला गेले होते. दुसऱ्या दिवशी येऊन ते तिच्यावर बसले. शनिवारी बस्ता झटकताना हाताला कागद लागले, ते त्यांनी कागदांतच बांधून टाकले. महिनाभर साऱ्या मुलखात शोध चालला, चौकशी झाली, आणि रोज ते त्याच्यावरच बसत होते. पुढे यंत्र अडून बसलं की मी पोरांना आधी एक सांगायचो, की तू स्वतः आत्ता कुठे बसला आहेस ते बघ. दहातल्या पाच वेळा तेच असायचं. सोडवणारा स्वतःच त्या डिस्कच्या आत, तिच्यातलाच एखादा फोल्डर उघडून, बसलेला असायचा, आणि डिस्क कोणी धरली म्हणून जग धुंडाळत असायचा. पोरं कपाळाला हात लावून हसायची. मला हसता येत नसे.

काकाजी मला घेऊन त्याच पावली साहेबांकडे गेले. डोळ्यांचं सांगितलं, सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काकाजी, शाखा बंद झाली. अहवाल गेला, मंजूर झाला. आता उघडायचं म्हणजे तुम्ही, मी, हा, सगळेच आत. फाईल अमरावतीत सापडली म्हणून दाखवू. तुम्ही सुखानं निवृत्त व्हा." फाईल त्यांनी आपल्या कपाटात ठेवली. काकाजींनी वर अर्ज केले. ते सांगायचे, मी लिहायचो. मीही माझ्या नावानं एक लिहिला. कशाचंच उत्तर आलं नाही. बंद झालेल्या शाखेचं टपाल कोण उघडणार? दर्यापूरवाला नोकरीवर परत कधीच आला नाही. मी वर्षभरात राजीनामा देऊन मुंबईला गेलो, आणि संगणकाचं काम पुढे तिथेच शिकलो. काकाजी अमरावतीला मुलाकडे राहिले. डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनी करूनच घेतलं नाही. मुलगा डॉक्टर ठरवून यायचा आणि हे म्हणायचे, "आता काय पाहाचं हाय?"

पण फाईल सापडली त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही दोघं दर्यापूरला गेलो होतो. मूर्तिजापूरला अरुंद रुळांची छोटी गाडी धरली. काकाजींनी कोट घातला होता. वाटेत मला एवढंच विचारलं, "त्याच्या घरी कोन कोन हाय?" मला माहीत नव्हतं. दोन वर्षं शेजारी बसलो होतो, मला ते माहीत नव्हतं.

गाव दर्यापूरपासून कोसभर होतं. काळी जमीन, भेगाळलेली, आणि विहिरींना खारं पाणी. त्याचा बाप अंगणात होता. आम्ही कचेरीतले म्हटल्यावर तो घाईघाईनं खाट टाकायला लागला. मग थबकून म्हणाला, "पानी चालते का साहेब, आमच्या घरचं? खारं हाय तसं."

"चालते," काकाजी म्हणाले. गडू त्यांना दिसेना, तेव्हा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी सगळा रिकामा केला.

घरातून खणण्याचा आवाज येत होता. बाप म्हणाला, "पोरगं हप्ताभर कामाले जाते. आयतवारी घर खनते. म्या सांगून पाह्यलं." आम्ही दारातून आत गेलो. घराची सगळी जमीन उकरलेली होती. कोनाड्यांच्या कडा फोडलेल्या, चुलीची जागा हलवलेली, भिंतीला ठिकठिकाणी भोकं. दर्यापूरवाला गुडघ्यावर बसून सब्बल मारत होता. आम्हाला बघून उठला, हात पुसले, आणि काकाजींच्या पाया पडला.

"सापडली का, काकाजी?"

"सापडली, लेका. माह्याच बुडाखाली होती. तू ठेवली तथीच. मले दिसत नाई, दोन साल झाले. म्या सांगतलं नाई. तुही काहीच चूक नाई."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुमाले मालूम होतं? यायले दिसत नाई म्हनून?"

मी मान हलवली.

"मंग तवा काहून नाई बोलले?"

उत्तराची वाट न बघता काकाजींकडे वळून तो अगदी मायेनं बोलू लागला, आजारी माणसाशी बोलावं तसा.

"काकाजी, तुमी मोठ्या मनाचे. मले बरं वाटावं म्हनून इतक्या लांब आले अन् सोतावर घेऊन राह्यले. पन तुमची चूक होत नाई. दर आयतवारी घरी येताना एखांदी फाईल नकलेले आनत होतो ना मी, तुमालेच सांगून? थेच असन. म्याच कुठं तरी ठेवली. आता आठोत नाई."

"अरे, म्या सोता सांगून राह्यलो—"

"तुमी सांगत होते ना, का मले दिसली असती. मंग दिसलीच असती. तुमी खोटं कसे बोलसान?"

काकाजींनी त्याचे दोन्ही हात धरले. शपथ घेतली. मी फाईलीचा क्रमांक सांगितला, कुठे सापडली ते सांगितलं, मी वाचली म्हणून सांगितलं. बाप दारात उभा राहून ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं सगळं खरं मानलं होतं. पोराला आता ते मानता येत नव्हतं.

"फाईल आनली का संगं?" त्यानं विचारलं.

फाईल साहेबांच्या कपाटात होती.

"बरं," तो म्हणाला. "उनाचे आले तुमी. चहा घेऊन जाजा." बापाला त्यानं चहाचं सांगितलं. मग सब्बल उचलली, चुलीच्या जुन्या जागेपाशी बसला आणि खणायला लागला.